मपलं, तुपलं आणि गाणं

आमच्या वैजापूर तालुक्यात बांध कोरला म्हणून सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत. नांगराच्या एका तासानं वीतभर जमीन इकडची तिकडं गेली, की मोजणीचे पैसे भरायचे, मोजणीदार येईस्तोवर वाट बघायची, खुणा ठोकायच्या, आणि रात्रीतून त्या उपटल्या गेल्या की पुन्हा पैसे भरायचे. एवढं करणाऱ्याला कुणी हावरा म्हणत नाही. उलट जो बांध सोडून देतो त्यालाच गाव येड्यात काढतं. आणि त्याच गावात, पारावर बसून मी एकदा म्हणालो, "ते गाणं मपलं आहे," तर सगळे खो-खो हसले. म्हणे, "आरं, गाणं का कुणाचं आसतंय व्हय?"

असतं. कसं असतं ते त्या पारावर मला कुणी बोलू दिलं नाही, म्हणून इथं बोलतो.

मपलं म्हणजे माझं, तुपलं म्हणजे तुझं. पुण्या-मुंबईच्या वाचकासाठी सांगून ठेवलं. आमच्या भागातली ही रोजची बोली आहे. शाळेत मास्तरांनी पहिल्यांदा हेच दोन शब्द सोडायला लावले होते.

तर गाणं. १९७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा होतो. आई खडीच्या कामावर जायची. डाव्या हातानं दगड धरायचा, उजव्या हातानं हातोडी मारायची. एक दिवस हातोडी अंगठ्यावर बसली. नख गेलं ते पुन्हा धड आलंच नाही. हजेरीपटावर अंगठा उठवायची वेळ आली तेव्हा डाव्याला चिंधी बांधलेली. मुकादम म्हणाला, डाव्याचाच लागतो. आईनं चिंधी सोडली आणि शाईच्या डबीत तो तसाच बुडवला. घरी येऊन त्याच हातानं लाल मिलोच्या भाकरी थापल्या. आम्हा पोरांना कामावर वाटलेली सुकडी पदरात बांधून आणलेली असायची, ती वाटून दिली. त्या रात्री ती काहीच बोलली नाही, एवढं मला आठवतं.

पुढं चौदा-पंधरा वर्षांनी मी त्या अंगठ्यावर गाणं केलं. सात कडवी. सातव्या कडव्यात आईचं नाव आणि आमच्या वस्तीचं नाव ओवलं. माझं नाव कुठंच घातलं नाही. छाप आईची.

आमचं तेव्हा कलापथक होतं. आठ जण. मी लिहायचो, जोडीदार गायचा. त्याचं नाव इथं लिहीत नाही. गावाला ते माहीत आहे आणि बाहेरच्याला त्याचं काय करायचंय! गळा मात्र असा, की आठवडी बाजारात डफावर नुसती थाप पडून त्यानं आवाज लावला, की मिरच्या मोजणाऱ्याचं तागडं हवेत थांबायचं. हे मी आजही म्हणतो. हुंडाबंदी, दारूबंदी, पुढं साक्षरता, अशा कार्यक्रमांना आम्ही गावोगाव फिरलो. मिळालेलं मानधन आठ ठिकाणी सारखं वाटायचो. ढोलकीवाल्याला ढोलकी मढवायला तेवढे थोडे जास्त. हिशेब वहीत असायचा आणि वही सगळ्यांसमोर उघडली जायची. त्या आठ वर्षांत पैशावरून एकदाही वाकडा शब्द झाला नाही, म्हणजे वाटणी आम्हाला कळत नव्हती असं नाही.

मग कॅसेटचे दिवस आले. एका श्रावणात सराला बेटाच्या सप्त्याला निघालेल्या टेम्पोत मी दाटीवाटीनं उभा होतो आणि ड्रायव्हरनं टेप लावला. आईचं गाणं. पहिल्या सहा कडव्यांना मी खूश होतो, शेजारच्याला कोपरानं ढोसून सांगत होतो. सातवं कडवं आलं तेव्हा त्यात आईच्या नावाच्या जागी जोडीदाराचं नाव होतं. उतरल्यावर मी ड्रायव्हरकडून कॅसेटची डबी मागून घेतली. कव्हरवर फेटा बांधलेला त्याचा फोटो, आणि खाली 'गीत, संगीत, गायन' ह्या तिन्ही शब्दांपुढं एकच नाव. बारा गाण्यांपैकी नऊ माझी.

ह्याच्यावर कडी पुढंच झाली. तो कार्यक्रमांत त्या गाण्याआधी बोलायला लागला. "माझ्या माउलीनं बहात्तरला खडी फोडली..." म्हणायचा आणि डोळे पुसायचा. रोज, त्याच जागी. त्याच्या आईला मी चांगला ओळखायचो. देवमाणूस होती बिचारी. पण तिच्या घरी बहात्तरला पेवात दोन वर्षांची जुनी ज्वारी होती, आणि तिनं उभ्या जन्मात हातोडी हातात धरली नाही. आम्हाला ताक द्यायची ती. तेव्हा मला पैशाचा राग नंतर आला, आधी आला तो ह्या रडण्याचा. दुसऱ्याची गाय पिळून दूध विकणं मी समजू शकतो. दुसऱ्याच्या आईचा अंगठा दाखवून टाळ्या घेणं म्हणजे काय, ह्याला शब्द मला अजून सापडला नाही.

मी त्याच्या घरी गेलो. तो हसत सामोरा आला, चहा सांगितला, आणि म्हणाला, "आरं गड्या, गाणं एकदा लोकात गेलं की लोकाचं. तू एवढा शिकलेला, तुला कळाना?"

हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावात, प्रत्येक तालमीत आणि प्रत्येक स्टुडिओत म्हटलं जातं. आणि ते म्हणणारा माणूस नेहमी गल्ल्याच्या अलीकडं बसलेला असतो, पलीकडं नाही. गाणं लोकांचं म्हणता, तर कॅसेट लोकांना फुकट का नाही वाटली? पंचवीस रुपये कशाचे घेतले? लोकांचं म्हणायचं ते फक्त लिहिणाऱ्याला. विकत घेणाऱ्याला ते आपलंच असतं.

वर संतांची साक्ष काढतात. संतांनी कुठं हक्क सांगितला म्हणे! मला वाटतं, असं बोलणाऱ्यानं गाथा उघडलेली नसते. तुकोबांच्या काळी सालोमालो नावाचा एक गृहस्थ होता. परंपरा सांगते की तो तुकोबांचे अभंग घ्यायचा, शेवटची 'तुका म्हणे' ही छाप काढायचा आणि आपलं नाव घालून कीर्तनात म्हणायचा. तुकोबा गप्प बसले? गाथेत त्यांनी त्याला नाव घेऊन झोडपलंय. १९३६ साली प्रभातनं 'संत तुकाराम' काढला त्यातही हा सालोमालो आहे, आणि तिथं तो उलट तुकोबांवरच चोरीचा आळ घेतो. सिनेमावाल्यांनी माणूस बरोबर ओळखला होता. चोरी पचवायची तर मालकालाच चोर ठरवावं लागतं.

आता बघा, हे तुकोबा कोण? घरच्या सावकारीतल्या आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवणारा माणूस. येणं असलेला पैसा ज्यानं पाण्यात सोडला, त्यानं छाप सोडली नाही. मग नावाचा आग्रह धरणं म्हणजे पैशाची हाव, हे गणित आलं कुठून?

आणि लांब देहूला कशाला जायचं. शिऊर आमच्याच तालुक्यात आहे. तिथं तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाईंची समाधी आहे. १७०० साली त्या गेल्या. नवऱ्याचा मार, लोकांचा जाच, देहूचा प्रवास, सगळं त्यांनी अभंगात सांगितलंय, स्वतःच्या तोंडानं, आणि शेवटी स्वतःचं नाव घातलंय. ते नाव कुणा कीर्तनकारानं काढून आपलं घातलं असतं, तर मार खाल्लेली बाई गेली असती आणि मार खाल्ल्याचं सोंग करणारा बुवा उरला असता. माझ्या आईच्या गाण्याचं नेमकं हेच झालं. ओवी-अभंगातली छाप हा आपला सातबारा आहे. इंग्रजाचा कायदा यायच्या कितीतरी आधीचा. लिहिता-वाचता न येणाऱ्या समाजानं मालकीची नोंद कुठं ठेवावी? शेवटच्या ओळीत ठेवली. म्हणजे गाणं म्हणायचं तर मालकाचं नाव घेतल्याशिवाय ते पुरं होऊच नये.

खानदेशात बहिणाबाई म्हटलं की जळगावच्या बहिणाबाई चौधरी. त्यांना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात त्या गाणी रचायच्या आणि मुलगा सोपानदेव आणि एक नातेवाईक ती उतरवून घ्यायचे. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी. आई १९५१ च्या डिसेंबरात गेली. कागद सगळा ह्यांच्या हातात, अक्षर ह्यांचं, विचारायला कोण येणार होतं? १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेनं पुस्तक आलं, ते 'बहिणाबाईंची गाणी' म्हणून आलं. जोडीदारी अशीही असते. कागदावर उतरवणारा आणि रचणारा हे दोघं वेगळे, हे सोपानदेवांना सांगावं लागलं नाही.

वामनदादा कर्डकांचंही सांगतो. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस, आमच्यापासून फार लांब नाही. हजारो गाणी लिहिली, गावोगाव फिरले, २००४ साली गेले. त्यांची गाणी कितीतरी गळ्यांनी गायली. पण शेवटच्या कडव्यात 'वामन' असतो म्हणून ऐकणाऱ्याला मालक कळतो. हे एक नाव पुसलं, की हजारो गाणी बेवारशी.

जोडीदाराचा दुसरा मुद्दा मात्र जड होता, आणि तो मी टाळणार नाही. तो म्हणाला, "मपल्या गळ्याबिगर तुपल्या वह्या उंदरानं खाल्ल्या असत्या." आणि वर म्हणाला, "कसंल त्याची जमीन, तसं गाईल त्याचं गाणं."

हुशार माणूस! आमच्या मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कूळ कायदा आला. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांना त्यातून हक्क मिळाले, आणि मला त्याचा अभिमानच आहे. पण कसणं कशाला म्हणायचं? त्या गाण्याची नांगरट कुणी केली? रॉकेलच्या चिमणीखाली सतरा वेळा खोडून एक कडवं कुणी लिहिलं? पेरलं मी, खुरपलं मी. त्यानं माल बाजारात नेला, आणि फार चांगला भाव आणला. त्याचे श्रम मी नाकारत नाही. गाणाऱ्याचा त्याच्या गाण्यावर स्वतःचा हक्क असतो, १९९४ पासून तो कायद्यातही आहे. पण तो हक्क त्याच्या आवाजाचा. बटईनं शेत केलं तर निम्मा वाटा घेऊन बटईदार घरी जातो, आणि घ्यावाच. मळणी झाल्यावर शेताच्या बांधावर आपलं नाव रंगवत नाही.

चालीचं म्हणाल, तर ती ना त्याची, ना माझी. गोंधळ्यांची होती, पिढ्यान् पिढ्यांची. 'संगीत' ह्या शब्दापुढं माझं नाव घाला असं मी कधी म्हटलं नाही आणि म्हणणारही नाही. जे गावाचं ते गावाचं. त्यानं तेही आपल्या नावावर केलं, ही गोष्ट पारावरच्या एकालाही खटकली नाही, ह्याचं मला नवल वाटतं.

उरला दोस्तीचा मुद्दा. "आपण काय वायले हाव का?" असं तो म्हणाला. नाही, वेगळे नव्हतो. म्हणूनच विचारायला त्याला दहा पावलं चालावी लागली असती. पोस्टाचं तिकीटसुद्धा लागलं नसतं. परवानगी मागणं ही परक्याची रीत आहे, ही समजूत लबाडानं पसरवलेली आहे. आमच्याकडं शेजारणीच्या चुलीतला विस्तव न्यायचा तरी बाई दारातून हाक मारते.

गावातल्या शहाण्यांचा एकच सल्ला होता. "कागद हाय का? न्हाई ना? मग बस गप." मी वैजापूरच्या कोर्टात वकिली करणाऱ्या एका ओळखीच्या वकिलाकडं गेलो. त्यानं जे सांगितलं ते मी पारावर चार वेळा सांगितलं, कुणी ऐकलं नाही, म्हणून आता छापून देतो. १९५७ चा कॉपीराइटचा कायदा म्हणतो, की लिहिलं त्याच दिवसापासून हक्क लिहिणाऱ्याचा. नोंदणी केली तर पुराव्याला चांगली, पण नोंदणी नसली म्हणून हक्क बुडत नाही. आणि तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. तोंडी दिला तर दिला असं होत नाही. म्हणजे कागद नाही ह्याचा अर्थ माझ्याकडं काही नाही असा नव्हताच. कागद नाही म्हणजे त्याच्याकडं काही नव्हतं! गाव सगळं उलटं धरून बसलं होतं.

आणखी ऐका. हक्क लेखी दिला पण किती वर्षांसाठी ते लिहिलं नाही, तर तो पाच वर्षांचाच धरतात. तुमच्या मागं साठ वर्षं तो तुमच्या वारसांचा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, हक्क विकला तरी 'हे मी लिहिलं' म्हणण्याचा हक्क विकला जात नाही. नाव काढून टाकलं, गाण्याची मोडतोड केली, तर दाद मागता येते. २०१२ साली कायदा सुधारला. राज्यसभेत तेव्हा जावेद अख्तर होते, त्यांनी गीतकारांची बाजू जोरात मांडली. तेव्हापासून गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कुणी लिहून घेतो म्हटलं तरी त्याला लिहून घेता येत नाही. वारसाला किंवा गीतकारांच्याच संस्थेला तेवढा देता येतो. दावा करायचा तर कंपनीच्या गावाला जायची गरज नाही, आपण राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात करता येतो. मुंबईचं भाडं परवडत नाही म्हणून गप्प बसणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगतो.

नोटीस पाठवली. कंपनीचं उत्तर आलं, की आमचा व्यवहार गायकाशी झाला आहे आणि गाणी आपलीच असल्याचं त्यानं स्टॅम्पवर लिहून दिलं आहे. माझ्याकडं वह्या होत्याच, शिवाय साक्षरतेच्या कार्यक्रमासाठी काढलेली सायक्लोस्टाइलची पुस्तिका होती. त्यात सातही कडवी, आईच्या नावासकट, आणि खाली माझं नाव. त्याची प्रत जोडून दुसरी नोटीस गेली.

त्या आठवड्यात जोडीदार रात्री घरी आला. लिफाफ्यात दहा हजार रुपये आणि सोबत टाइप केलेला कागद. त्यावर लिहिलं होतं, की नऊही गाण्यांवर माझा हक्क नाही आणि कधी नव्हता. आई ओसरीवर बसलेली होती. तिला वाचता येत नव्हतं, पण कागदावर सही घ्यायला रात्रीचा आलेला माणूस तिनं आयुष्यात पुष्कळ बघितला होता. मी म्हणालो, "पैसे राहू दे. आईचं कडवं घालून गाणं पुन्हा रेकॉर्ड कर." तो म्हणाला, "एका कडव्यासाठी स्टुडिओचं भाडं कोण भरंल?" लिफाफा घेऊन तो गेला. आईनं नंतर एवढंच विचारलं, "त्यात मपलं नाव हुतं ना रं?"

ती २००९ मध्ये गेली. कॅसेटी त्याच्या आधीच गेल्या होत्या, कंपनीनंही गाशा गुंडाळला. मला वाटलं, भांडायला कुणी उरलं नाही. पण त्याच्या मुलानं सगळी गाणी यूट्यूबवर चढवली. माझ्या पोरीनं बसून तक्रारीचा अर्ज भरला आणि पुस्तिकेचे फोटो जोडले. गाणं उतरलं. आठ दिवसांत पारावर नवीनच चर्चा, की म्हाताऱ्याच्या पोटावर पाय आणला. ज्याचं पोट माझ्या वह्यांवर भरलं त्याच्या पोटावर मी पाय आणला! हे बोलणाऱ्यांत बांधाच्या दाव्याचं तिसरं वर्ष चाललेले दोघं होते.

मध्यंतरी जवळच्या एका शाळेतल्या बाईंनी फोन केला. गॅदरिंगला पोरींचं ते गाणं बसवायचंय, चालेल का, म्हणाल्या. मी म्हणालो, सातवं कडवं म्हणत असाल तर खुशाल म्हणा. एका मिनिटाचं काम झालं. पैशाचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही काढला नाही. पोरींनी तिकीट लावलं नव्हतं.

आता जोडीदाराचा मुलगा येऊन-जाऊन असतो. पोरगा वाईट नाही. मला काका म्हणतो, आणि बाप जे बोलला नाही ते एकदा बोललाही, "काका, मला ठावंच नव्हतं." वकिलाकडून मी एक कागद करून घेतलाय. नऊ गाणी, प्रत्येकाचं नाव लिहून. मुदत पाच वर्षं. येईल त्या पैशात निम्मा वाटा गाणाऱ्याचा, निम्मा लिहिणाऱ्याचा. गीतकार म्हणून माझं नाव. चालीपुढं 'पारंपरिक'. आणि आईचं गाणं सातही कडव्यांनिशी पुन्हा गायचं, ह्या वेळी त्या पोरानं, त्याचा गळाही बापासारखाच आहे. दिवाळीआधी तो कागद घेऊन गेला. "आण्णांना दाखवतो," म्हणाला. अजून सही होऊन आलेला नाही. परवा बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, बाकी सगळं आण्णांना मान्य हाय, फकस्त 'पारंपरिक' तेवढं काढा म्हणत्यात.

मी काढणार नाही म्हणून सांगितलंय.